आत्याची लेखनिक

आमच्या क्लासच्या सरांचं म्हणणं असं, की उत्तर येणं ही एक गोष्ट आणि प्रश्न सोडवणं ही दुसरी. पहिलीसाठी वर्षभर अभ्यास करावा लागतो, दुसरीसाठी सरांचा क्लास पुरतो. हा क्लास बदलापूर पूर्वेला एका फरसाणवाल्याच्या दुकानावर होता. संध्याकाळी खाली शेव तळायला घेतली की वर आमचं लक्ष उडायचं, आणि सर नेमके तेव्हाच 'तंत्र' शिकवायला घ्यायचे. तंत्राला लक्ष लागत नाही, असं त्यांचं मत होतं.

तंत्र प्रत्येक प्रश्नाला वेगळं. रिकाम्या जागा भरताना छापलेली रेघ किती लांब आहे ते बघायचं. लांब रेघ, लांब शब्द. चूक की बरोबरमध्ये ज्या वाक्यात 'नेहमी', 'फक्त' किंवा 'कधीच' असेल ते डोळे झाकून चूक. जोड्या लावताना आधी खात्रीच्या उरकायच्या, मग उरलेल्यांची लग्नं आपणच लावून द्यायची; कोणी कोणाला नको म्हणत नाही. कारणे द्या आलं की प्रश्नातलं वाक्य आधी लिहायचं, तेच 'म्हणून' घालून शेवटी लिहायचं आणि मध्ये सुचेल ते घालायचं. मधलं कोणी वाचत नाही, यावर सरांची श्रद्धा होती. फरक स्पष्ट करामध्ये एका बाजूचं येत असेल तर दुसऱ्या बाजूला तेच 'नाही' लावून उतरवायचं. टीप कशावरही येवो, अर्थ, महत्त्व, फायदे, तोटे आणि समारोप ठरलेले. निबंध कुठूनही सुरू करा, 'काळाची गरज' इथे आणून संपवा. गणितात काहीच सुचलं नाही तर प्रश्नातले आकडे 'दिलेले' म्हणून पुन्हा लिहायचे आणि खाली एखादं सूत्र टाकायचं. आणि या सगळ्यांवरचा नियम म्हणजे कोरं काही सोडायचं नाही. कोरी जागा बघून परीक्षकाला राग येतो, असं सर सांगायचे तेव्हा त्यांचा स्वतःचाच चेहरा रागावलेला दिसायचा.

मी नववीत होते आणि हे सगळं मला तोंडपाठ होतं. वर्गात पहिला नंबर असायचा, त्यामुळे खरं तर मला तंत्राची फारशी गरज पडत नव्हती. पण ज्ञान एवढं झालं होतं की ते कोणाला तरी दिल्याशिवाय राहवत नव्हतं. ते घ्यायला घरातच एक विद्यार्थिनी सापडली. ती म्हणजे माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण.

आत्या बदलापूर गावातली, दिली पालेगावात. तिच्या सासरची शेती होती तिथे आता बिल्डिंगी उभ्या होत्या. शेती गेल्यावर ती अंबरनाथच्या एमआयडीसीत एका साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. काम सगळं उभ्यानं. पट्ट्यावरून वड्या येणार, ही उभी राहून खोक्यात भरणार, पाळी संपेपर्यंत. चाळिशी ओलांडल्यावर तिचे पाय बोलायला लागले. संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढली की पट्ट्यांचे वळ पायावर तसेच राहायचे आणि घोटे दिसायचेच नाहीत.

त्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक कारकून होता, तो गणपतीनंतर रिटायर होणार होता. माल आला-गेला लिहायचा, पावत्या लावायच्या, आणि हे सगळं बसून. साहेबांना आत्याचं काम माहीत होतं. त्यांनी सांगितलं, दहावी पासचा कागद आणलास तर ती जागा तुला देतो, नाहीतर बाहेरून माणूस घ्यावा लागेल. आत्या आठवी पास होती. पुढच्या वर्षी घरात शेतीला एक हात कमी पडत होता आणि बाबा दहावीला होते, म्हणून तिची शाळा थांबली होती. बाबा त्याबद्दल कधी बोलत नसत. ती मात्र भात लावणीचा विषय निघाला की मजेत सांगायची, तुझा बाप त्रिकोण काढत होता तेव्हा मी चिखल तुडवत होते.

तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी. आमच्या सोसायटीतल्या बायकांना याचं फार कौतुक. शिक्षणाला वय नसतं वगैरे त्या तिच्या तोंडावर बोलायच्या आणि तिच्याकडून तसंच काहीतरी उदात्त ऐकायला मिळेल म्हणून थांबायच्या. आत्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"मना बसून काम करायचा हाय."

मी दर रविवारी पालेगावात जाऊन तिला शिकवायची. माझ्या शिकवण्याची पद्धत सरांचीच होती. फक्त शेवेऐवजी तिथे चुलीवर कालवण असायचं. आत्याला तंत्र मनापासून पटलं. कारखान्यात वीस वर्षं काढल्यामुळे असेल, पण काम कमीत कमी हालचालीत कसं करायचं हे तिला लगेच समजायचं. फरक स्पष्ट कराचं तंत्र ऐकून तर ती बेहद्द खूश झाली. म्हणजे एक घेतलं की दुसरं फुकट, असं तिनं मला दोनदा विचारून पक्कं करून घेतलं. टिपांचे पाच भाग ती बोटांवर मोजायची. अंगठ्याला समारोप. निबंधासाठी आम्ही सूर्योदयाचा निबंध पाठ केला, कारण सरांच्या मते त्यात थोडा फेरफार केला की तो पावसाळ्याचा, सहलीचा किंवा देशभक्तीचाही होऊ शकत होता. गणित तेवढं तिला जड जायचं. भूमितीतली प्रमेयं ती श्रद्धेनं पाठ करायची, आणि मध्येच एखादी पायरी गळायची.

जानेवारीत ती मला घेऊन उल्हासनगरला गेली, अपेक्षित प्रश्नसंच आणायला. बदलापुरातही मिळाला असता, पण आमच्याकडे कुठलीही महत्त्वाची खरेदी उल्हासनगरला गेल्याशिवाय झाल्यासारखी वाटत नाही. तिथल्या सिंधी शेठनं आम्हाला तीन संच दाखवले आणि दीदी के लिए कौनसा चाहिए म्हणून माझ्याकडे बघितलं. परीक्षा आत्या देणार म्हटल्यावर त्यांनी पहिले तिन्ही आत ठेवले आणि मागच्या फळीवरून चौथा काढला. हा मोठ्या अक्षरातला होता. आत्याला तो अपमान वाटला नाही. चष्मा न लावता वाचता येतो म्हणून तिनं तोच घेतला.

मग फेब्रुवारीत, परीक्षेला थोडेच दिवस राहिलेले असताना, ती चिंच झोडायला प्लास्टिकच्या स्टुलावर चढली. बिल्डरनं सगळं तोडलं तरी ते एक चिंचेचं झाड राहिलं होतं, आणि चिंचा दुसऱ्या कोणी नेण्याआधी काढायच्या होत्या. स्टूल सरकलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आलं.

त्या दिवशी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. हात दुखतो म्हणून नाही. ती एवढंच म्हणत होती, की आता गणपतीनंतर तिथे दुसराच कोणीतरी बसणार.

हाताला लागलं असेल तर बोर्ड लेखनिक देतं, ही माहिती बाबांनी काढली. डॉक्टरांचा दाखला, शाळेचा दाखला, अर्ज, फोटो हे सगळं त्यांनीच धावपळ करून केलं. लेखनिकासाठी नियम असा, की तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. घरात खालच्या इयत्तेतली एकच होती. मला 'खालच्या इयत्तेतली' हे शब्द जरा लागले, पण मनातून मी फार खूश झाले. मोत्यासारखं अक्षर, समास आखलेला, शीर्षकाखाली पेन्सिलीची रेघ. आत्याचा पेपर बघून परीक्षक पहिल्या पानावरच विरघळणार, याची मला खात्री होती. लेखनिकानं स्वतःहून काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही, परीक्षार्थी बोलेल तेच लिहायचं, हे मला शाळेत बजावून सांगितलं होतं. त्यात अवघड काही असेल असं वाटलं नाही.

पहिला पेपर मराठीचा. आम्हाला वेगळी खोली दिली होती, शाळेचा चित्रकलेचा वर्ग. पर्यवेक्षक म्हणजे तिथलेच उतारवयाचे चित्रकलेचे सर. एरवी पर्यवेक्षकाला तीस मुलांवर लक्ष ठेवावं लागतं. इथे एकच परीक्षार्थी, तीही बोलणारी. सर खुर्ची जवळ घेऊन बसले आणि कीर्तनाला बसावं तसे मन लावून ऐकू लागले.

इथेच सगळं तंत्र कोसळलं. कागदावर माणूस काय वाटेल ते लिहितो. मान खाली असते, कोणी बघत नसतं, आणि परीक्षक कुठे तरी लांब असतो. आत्याला तेच सगळं तोंडानं, मोठ्यानं, एका अनोळखी माणसाच्या डोळ्यांसमोर बोलायचं होतं. लिहिण्याची भाषा म्हणून ती तोंडात पुस्तक धरल्यासारखी बोलत होती. एका प्रश्नात तिनं तंत्राप्रमाणे प्रश्नातलं वाक्य सांगितलं, मग मधलं थोडं, आणि 'म्हणून' लावून तेच वाक्य पुन्हा सांगायला लागली, तर सरांनी भुवया वर केल्या. त्यात वाईट काही नव्हतं. पुन्हा तेच आलं म्हणून त्यांना आश्चर्य वाटलं असेल, इतकंच. पण आत्या ओशाळली आणि गप्प झाली.

निबंधाला खरोखरच सूर्योदय आला होता. मी टेबलाखाली पाय आपटला, आनंदानं. आत्यानं सुरुवात केली. पूर्व दिशेला केशरी रंगाची उधळण झाली होती, पक्षी मंजुळ गाणी गात होते. सर तिच्याकडे बघत होते. आत्यानं सरांकडे बघितलं, आणि तिच्या कानांपर्यंत लाली चढली. तिनं मला ते खोडायला लावलं. माझं मोत्यासारखं अक्षर, आणि पहिल्याच ओळीवर काट.

मग तिनं जे सांगितलं ते मला अजून बरंचसं आठवतं. पूर्वी आमच्या अंगणातून सूर्य शेताच्या कडेला उगवताना दिसायचा. आता तो बिल्डिंगच्या मागून उगवतो, त्यामुळे माझी भांडी घासून होतात तरी येत नाही. समोर आला की एकदम वर आलेला असतो, त्याचं लहानपण आम्हाला बघायला मिळत नाही. सातव्या मजल्यावरच्या बाईला तो आधी दिसतो. ती गॅलरीत उभी राहते तेव्हा तिच्या तोंडावर ऊन असतं, आणि त्यावरून मला कळतं की सकाळ झाली. असा तो निबंध. त्यात काळाची गरज कुठेच नव्हती, आणि मला काळजी वाटत होती, की पान भरलं नाही. चित्रकलेचे सर मात्र खिडकीबाहेर बघत बसले होते, तिथे काही नसताना.

आता मी स्वतः अंबरनाथला मुलांना शिकवते. मुलं 'मॅडम, ट्रिक सांगा' म्हणतात, मी सांगतेही, फी त्याचीच असते. फक्त त्याआधी मी त्यांना उत्तर उभं राहून बोलायला लावते. निम्म्यांचा समारोप तिथेच गळून पडतो.

विज्ञानाच्या पेपरला आत्या सावरली होती. पाल्हाळ न लावता येतं तेवढं सांगायचं, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. चूक की बरोबरला तर ती फारच छान चालली होती. एका विधानाला तिनं बरोबर म्हटलं, मग जरा थांबून, नाही, चूक लिही, असं सांगितलं. पुढे आणखी एकदा तसंच झालं. दोन्ही वेळा तिनं बदललेलं उत्तर योग्य होतं. मला तिचा अभिमान वाटला. म्हटलं, माझ्या शिकवणीला फळ आलं.

पेपर सुटल्यावर आम्ही रसवंतीत बसलो. आत्यानं डाव्या हातानं ग्लास धरला होता, पण पीत नव्हती. मी एकेका प्रश्नाचे मार्क धरत होते, तोच तिनं मध्येच मला थांबवलं.

"माजा चुकला का तुजा पेन थांबतो."

मला काही समजेना. तिनं सांगितलं ते असं. ती बरोबर उत्तर सांगते तेव्हा माझा पेन तिचं वाक्य संपायच्या आत कागदावर टेकलेला असतो. चूक सांगितलं की तो वरच राहतो, अगदी क्षणभर. पट्ट्यावरून वडी वाकडी आली की हात जसा आपोआप अडखळतो, तसा. पहिल्यांदा तिनं उत्तर बदललं तेव्हा तिला स्वतःलाही समजलं नव्हतं की आपण का बदललं. दुसऱ्यांदा समजलं. त्यानंतरचे सगळे प्रश्न तिनं डोळे मिटून सांगितले होते, आणि मी समजत होते की बाई आठवून आठवून सांगतेय.

मला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली. मी तिला म्हटलं, सरांना कळलं नाही, मीही मुद्दाम काही केलं नाही, मग बिघडलं कुठे. खरं तर इतकं सोपं तंत्र आमच्या सरांनासुद्धा सुचलं नसतं. आत्यानं ते ऐकून घेतलं आणि रस संपवला. दोन दिवसांनी भूमितीचा पेपर होता. तोपर्यंत पेन थांबवायचा नाही याचा सराव कर, असं तिनं मला सांगितलं.

मी घरी प्रामाणिकपणे सराव केला. बाबा मला मुद्दाम चुकीची वाक्यं सांगायचे, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, बदलापूर ही भारताची राजधानी आहे, आणि मी ती धडाधड लिहायची असं ठरलं होतं. पण लिहिता यायचीच नाहीत. चूक दिसली की ती न अडखळता उतरवणं पहिल्या नंबरच्या मुलीला जमत नाही, हा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा शोध. बाबांना याची गंमत वाटली. तेवढ्यानं जमत नाही हे आत्याला मी सकाळी जाताना सांगून टाकलं.

खोलीत गेल्यावर आत्या माझ्या शेजारी बसलीच नाही. ती पुढच्या बाकावर जाऊन, माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. पर्यवेक्षक तेच चित्रकलेचे सर होते. त्यांनी विचारलं, अशी का. तिनं सांगितलं, मना असा जास्त आठवतो. सरांनी थोडा विचार केला आणि, नियमात पाठ करून बसायला मनाई नाही, म्हणाले.

भूमितीचा पेपर आकृतीकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून सांगणं हा प्रकार मी पुन्हा कधी बघितला नाही. तिनं मला त्रिकोण काढायला सांगितला. काढला. मग, निमुळता नको, जरा पसरट काढ. काढला. वरच्या टोकाला नाव दे, डावीकडच्याला दे, आता वरून खाली लंब सोड. सोडलास का? मी हो म्हणायचे आणि ती भिंतीवर बोटानं तीच आकृती काढून बघायची, प्लास्टर नसलेल्या हाताच्या बोटानं. भिंतीवर पाचवीच्या कोणाचं तरी मोराचं चित्र लावलेलं होतं. मोराच्या पिसाऱ्यावर आत्याचा त्रिकोण चढत होता. माझा पेन कितीदा थांबला ते मला आठवत नाही. तिला ते दिसत नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदाच मला मोकळं वाटत होतं.

शेवटी एक प्रमेय होतं, चांगल्या मार्कांचं. आम्ही रविवार रविवार तेच घोकलं होतं. पक्ष, साध्य, आकृती इथपर्यंत तिनं सांगितलं. दोन पायऱ्या सांगितल्या. मग आवाज बंद झाला. वेळ होता. लेखनिक घेतला की जादा वेळ मिळतो, तोही बराच शिल्लक होता. ती भिंतीकडे बघत होती आणि मी तिच्या पाठीकडे. पुढची पायरी मला येत होती. एक शब्द पुरला असता. चित्रकलेच्या सरांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघितलं, उठले, आणि दारात जाऊन आमच्याकडे पाठ करून कॉरिडॉर बघत उभे राहिले. भला माणूस. त्यांना ती पास व्हायला हवी होती.

मी तोंड उघडलं होतं. आत्यानं मान न वळवता डावा हात वर केला, रिक्षा थांबवतात तसा.

मग पुस्तकी भाषेत, सावकाश, तिनं मला लिहायला सांगितलं, की या प्रमेयाच्या पुढच्या पायऱ्या मला येत नाहीत.

हे वाक्य परीक्षेत लिहायचं नसतं. आमच्या सरांनी हे वाचलं असतं तर क्लास बंद करून खाली शेव विकायला बसले असते. पण ती बोलेल तेच लिहायचं हा नियम होता. मी लिहिलं. खाली भरपूर कोरी जागा उरली.

निकाल जूनमध्ये लागला. आत्या आमच्याकडे आली होती, बाबांच्या कॉम्प्युटरवर बघायला. मराठीत तिला आमच्या घरात कोणाला मिळाले नव्हते एवढे मार्क होते. बाकी विषय निघाले होते. गणित राहिलं होतं, तेही अगदी थोडक्यात, म्हणजे ते एक प्रमेय पूर्ण झालं असतं तर निघालं असतं, एवढंच.

मग बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

"तू तिथंच बसली होतीस ना? एवढं एक सांगता आलं नाही तुला?"

गेले तीन महिने मी स्वतःला तेच विचारत होते. नियम पाळला म्हणून शाबासकी मिळेल असं मनात कुठेतरी होतं, आणि इथे मी आत्याचे पाय आणखी वीस वर्षं सुजवायला कारण झाले होते. मी रडायला लागले. बाबाही गोंधळले. आत्या मात्र स्क्रीनवरचे मराठीचे मार्क पुन्हा एकदा बघत होती. बघून झाल्यावर ती बाबांना म्हणाली,

"तिनी सांगितला असता तं पास ती झाली असती, दादा. आन तिथं बसायचा हाय मना. पावती चुकली तं हिला बोलवू का?"

आत्यानं मला जवळ ओढलं आणि पदरानं माझं तोंड इतकं जोरात पुसलं की गाल लाल झाला.

जुलैत पुरवणी परीक्षा असते. साहेबांनी कुरकुर केली, पण कारकून गणपतीपर्यंत होताच, म्हणून तेवढे थांबले. प्लास्टर निघालं होतं. मी आता दहावीत गेले होते, त्यामुळे लेखनिक म्हणून तशीही चालले नसते. रविवारी मी पालेगावात जात राहिले, पण तंत्राचं नाव काढलं नाही. ते प्रमेय आम्ही पाठ करायचं सोडून दिलं. तिनं मला प्रत्येक पायरीला 'असा का' विचारलं, आणि काही ठिकाणी मलाच सांगता आलं नाही. मग मी क्लासमध्ये सरांना विचारलं, आणि सरांनी तो प्रश्न परीक्षेत येत नाही असं उत्तर दिलं. शेवटी आम्ही दोघींनी कागद कापून त्रिकोण एकमेकांवर ठेवून बघितले, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

पेपर सुटला तेव्हा मी फाटकात उभी होते. ती सगळ्यांच्या मागून आली, हात झाडत. सवय गेल्यामुळे बोटं आखडली होती. मी विचारलं, किती सुटले. तिनं सांगितलं, एक कोरा सोडला, बाकी माझे आहेत.

त्यात ती पास झाली. फार नाही, पण झाली. गणपती गेले आणि सोमवारी ती स्टोअरमध्ये बसली. त्या संध्याकाळी बाबा ऑफिसातून थेट पालेगावात गेले, मला बरोबर घेऊन. आत्या दाराच्या पायरीवर होती. कसा गेला दिवस, बाबांनी विचारलं. तिनं साडी जरा वर घेतली आणि दोन्ही पाय पुढे केले. वळ नव्हते. घोटे दिसत होते. बाबा चष्मा लावून तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले आणि एखादा कठीण पेपर वाचावा तसे तिच्या पायांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, तुला तेव्हाच शाळेत ठेवायला हवं होतं.

आत्यानं पाय मागे घेतले.

"ठेवली असती तं तुज्यापेक्षा जास्त मार्क पडले असते, दादा. मंग तुजा काय झाला असता?"

बाबा हसले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले, आणि पुसून झाला तरी त्यांनी तो लवकर लावला नाही.